सम्राट फुगेंद्राचा आवाज

प्रमिलाताई हळबे गाडीतून उतरल्या तेव्हा केदार प्लॅटफॉर्मवर फुगत होता.

त्याच्या कमरेला एक छोटा पंखा बांधलेला होता, पंख्याला बॅटरी, आणि अंगावर तंबूच्या पिवळ्या कापडाचा झगा. झग्यावर जागोजागी कागदी शंकू चिकटवले होते, ते म्हणजे काटे. पंखा सुरू केला की झग्यात हवा भरायची आणि एरवी काडीसारखा दिसणारा केदार शिवलकर बघता बघता सम्राट फुगेंद्र व्हायचा. गाडी रत्नागिरीला जेमतेम थांबते. बाई कुठल्या डब्यातून उतरतात ते बघायला मी आणि इम्रान पुढेमागे धावत होतो, आणि केदार जिथे उभा होता तिथेच गोल होत होता. एका हमालाने त्याला वळसा घातला आणि तो पुढे गेला.

बाईंच्या अंगावर पोपटी साडी, खांद्याला शबनम, हातात पाण्याची बाटली. त्यांनी आधी केदारकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नूतन मयेकर तूच का गं?"

आवाज इतका बारीक आणि गोड होता की मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, दुसरंच कोणीतरी बोललं.

"हो ताई, मीच. हा इम्रान. आणि हा केदार, आत आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "आतमध्ये श्वास घेता येतो ना रे तुला?"

केदारला पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नसे. त्याने वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, पण गोल माणसाला वाकता येत नाही.

ही नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, इम्रान वडिलांना मासळीच्या धंद्यात मदत करायचा, केदार नोकरी शोधत होता, आणि आम्हा तिघांच्या डोक्यात 'डुबुक'शिवाय काही नव्हतं. 'डुबुक' हा मूळचा व्हिडिओ गेम. त्यात चिंगू नावाची एक कोळंबी उड्या मारत समुद्र पार करते. त्यावर कार्टून सिनेमा निघाला, तो मराठीत डब होऊन आला आणि गावातली झाडून सगळी पोरं चिंगूवर भाळली. आम्ही भाळलो खलनायकावर.

सम्राट फुगेंद्र हा केंड मासा. चिडला की फुगणारा. त्याला सगळे समुद्र जिंकायचे असतात. फौज तयार असते, शंख वाजतात, पण नेमकं निघायच्या वेळी काहीतरी बिनसतं. तो चिडतो, फुगतो आणि स्वतःच्याच महालाच्या दारात अडकून बसतो. मागे अख्खी फौज खोळंबते. मग तो खोल खर्जात, एक-एक शब्द तोलून म्हणतो, "दार लहान आहे. मी नाही."

त्या वाक्याने आम्हाला वेड लावलं. खरा केंड मासेमारांची जाळी फाडतो. त्यामुळे इम्रानच्या अब्बांना त्याचं नाव काढलेलंसुद्धा खपत नसे, आणि इम्रानने त्यांच्याच बर्फाच्या टेम्पोवर मागच्या बाजूला हा एवढा मोठा फुगेंद्र रंगवून घेतला होता. केदारला एका मुलाखतीत नापास केलं तेव्हा तो घरी आला, "दार लहान आहे" एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला. आम्ही 'सम्राट फुगेंद्र चाहता मंडळ' काढलं. हळूहळू कॉलेजची बरीच मुलंमुली त्यात आली.

मराठी सिनेमात आवाजांची नावं दाखवलेलीच नव्हती. इम्रानचा चुलतभाऊ नौशाद मुंबईला एका डबिंग स्टुडिओत होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "सम्राटाचा आवाज? बाई आहेत त्या. हळबे म्हणून." आम्ही आधी हसलो. मग आम्हाला वाटलं, हे तर फारच भारी आहे. बाईंचा नंबर मिळवला आणि मी त्यांना 'डुबुक'मधल्या कामाबद्दल सत्काराला बोलावलं. त्या म्हणाल्या, "नक्की मलाच ना?"

हॉल दिला दादासाहेब सुर्व्यांनी. त्यांचं मंगल कार्यालय रविवारी रिकामं होतं. प्रमुख पाहुणे ते स्वतः, हे ओघानेच आलं. "कार्यक्रम भारदस्त झाला पाहिजे," त्यांनी बजावलं. "माझी शोभा झाली तर पुढच्या वेळी ह्या हॉलची पायरी चढू देणार नाही." हे वाक्य केदारला जास्त लागलं, कारण पुढच्याच महिन्यात त्याच्या थोरल्या बहिणीचं लग्न त्याच हॉलमध्ये ठरलं होतं.

तर स्टेशनावरून आम्ही इम्रानच्या टेम्पोतून घरी निघालो. ताई आणि मी पुढे इम्रानच्या शेजारी, सम्राट मागे बर्फाच्या पेट्यांजवळ.

"मला अजून खरं वाटत नाही गं," ताई म्हणाल्या. "एवढ्याशा कामाचा सत्कार."

"एवढंसं काय ताई. अख्खा सिनेमा तुमच्यावर उभा आहे."

"काहीतरीच. तीन वाक्यं होती माझी."

इम्रानने तिरकं माझ्याकडे पाहिलं. "मोठी माणसं अशीच बोलतात," तो पुटपुटला.

मलाही तसंच वाटलं. घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं. आईने ताईंना आग्रहाने जेवायला वाढलं. सोलकढीची वाटी पुढे सरकवत ती म्हणाली, "ही तिघं दिवसभर ते दाराचं काय ते म्हणत असतात. तुमच्या तोंडून ऐकवा की एकदा."

"दाराचं?" ताईंनी घास थांबवला. "माझं दाराचं नव्हतं. माझं लाटेचं होतं." त्यांनी पदर सावरला आणि त्याच बारीक, गोड आवाजात म्हणाल्या, "अगं बाई, लाट आली गं. पळा, पळा. माझी शेपटी धरा."

केदारचा हात आमटीत तसाच राहिला.

"छान," आई म्हणाली.

"ताई," मी विचारलं, "हे कोण म्हणतं सिनेमात?"

"तिसरी जेलीफिश. पहिल्या दोघी नुसत्या हसतात. बोलणारी मीच."

आम्ही तिघं पाणी आणायच्या निमित्ताने मागच्या पडवीत गेलो. एका तांब्यासाठी तिघं. इम्रानने नौशादला फोन लावला. तो लागेना. पुन्हा लावला. नौशादचा फोन बंद.

"चुकीच्या बाई आल्यात," केदार म्हणाला. झग्यातली हवा काढल्यामुळे तो लोंबत होता. "सुर्वे माझ्या ताईचं लग्न मोडतील."

"हॉल मोडेल, लग्न कसं मोडेल?"

"नवऱ्याकडच्यांना हॉल आवडलाय."

"खरं सांगून टाकू," मी म्हणाले. "सुर्व्यांनापण आणि ह्यांनापण."

"ह्यांना काय सांगणार?" इम्रान म्हणाला. "बाई पहाटे उठून इतक्या लांबून आल्यात. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बोलावलंय त्यांना. आणि आपण म्हणायचं, तुम्ही नको होतात?"

शेवटी असं ठरलं की कुणालाच काही सांगायचं नाही. डबिंग कलाकार म्हणून सत्कार करायचा, शाल-श्रीफळ द्यायचं, माइक त्यांच्या हातात जाऊ द्यायचा नाही आणि सिनेमातला एक तुकडा दाखवून संपवायचं. इम्रानने ते मला दोनदा म्हणायला लावलं.

संध्याकाळी हॉल भरला होता. मंडळाची पोरं तर होतीच, पण सुर्व्यांनी आपल्या ओळखीपाळखीच्यांनाही बोलावलं होतं. पुढच्या रांगांत लहान मुलं होती, आणि ती सगळी चिंगूची. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी डोक्याला कोळंबीच्या मिशा लावल्या होत्या. स्टेजवर फलक होता: 'आवाजाच्या सम्राटाचा भव्य सत्कार'.

ताईंनी तो वाचला. "सम्राट नको होतं गं. सम्राज्ञी तरी. आणि तेही माझ्या मानाने जास्तच."

"छपाईची चूक आहे, ताई."

दादासाहेब बोलायला उभे राहिले. मासेमारीचा इतिहास झाला, हॉलच्या बांधकामाचा इतिहास झाला. मग ते म्हणाले, "आणि आता ज्या आवाजाने तुम्हा सर्वांना हादरवून सोडलं, तो आवाज आपण प्रत्यक्ष ऐकणार आहोत." हे आमच्या ठरावात नव्हतं. मी घाईघाईने लॅपटॉपवर बसलेल्या मुलाला खूण केली आणि त्याने तुकडा लावला.

पडद्यावर महालाचं दार आलं. शंख वाजले. फुगेंद्र चिडला, फुगला, अडकला. हॉलमध्ये हशा पिकला. आणि तो आवाज आला, अगदी जमिनीखालून आल्यासारखा. "दार लहान आहे. मी नाही."

ताईंनी माझं मनगट धरलं. "हा आवाज कुणाचा?"

"सम्राटाचा."

"तसं नाही. हा कुणाचा?"

"माहीत नाही, ताई," मी म्हणाले. आता खोटं बोलायला माझ्यात त्राण नव्हतं. "आम्हाला वाटलं होतं तुमचा."

"माझाच आहे हा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या पडद्याकडे बघत होत्या.

"ह्या मोठ्या माशाचं काम एक मोठे नट करणार होते," त्या हळूच बोलू लागल्या. "त्यांना वेळ मिळेना. मी माझ्या जेलीफिशसाठी गेले होते. दिग्दर्शक म्हणाला, ताई, तुम्ही नुसतं वाचून ठेवा, वाक्यं तोंडात बसतात का ते बघू. ते आले की तुमचं पुसून टाकू. मी अख्खं वाचलं. पुसणारच आहेत तर मनाला येईल तसं वाचलं. मला गं आयुष्यभर पऱ्या आणि लहान मुलं देतात. एकदा तरी ओरडून घेतलं."

"आणि सिनेमा नाही बघितलात?"

"जेलीफिशसाठी कोण जातं?" त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. "आणि कागदावर हे वाक्य असं नव्हतंच. 'हा दरवाजा माझ्या आकारमानाच्या मानाने अत्यंत अपुरा आहे' असं होतं. त्या माशाचं तोंड एवढं हलतच नाही. लवकर मिटतं. म्हणून मी कापलं."

हे वाक्य टेम्पोवर होतं, केदारच्या वहीच्या कव्हरावर होतं, मंडळाच्या प्रत्येक माणसाच्या तोंडी होतं, आणि ते ह्या बाईंनी माशाचं तोंड लवकर मिटतं म्हणून केलं होतं.

तेवढ्यात दादासाहेबांनी माइक ताईंच्या पुढे धरला. "होऊ द्या, ताई."

"नमस्कार," ताई म्हणाल्या.

पुढच्या रांगेतून खुदखुद सुरू झाली. कोळंबीच्या मिशा हलायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "ही तर परी आहे." हशा मागच्या भिंतीपर्यंत गेला.

दादासाहेब माझ्याकडे वळले. माइक चालूच होता. "मयेकर, ही काय चेष्टा आहे?"

"तोच आवाज आहे, दादासाहेब."

"मला काय ऐकू येत नाही?"

ताईंनी माइक त्यांच्या हातातून काढून घेतला. हिसकावला नाही, पण दादासाहेबांच्या हातात मग तो नव्हता. "आम्हा डबिंगवाल्यांना चित्र लागतं," त्या लॅपटॉपवाल्या मुलाला म्हणाल्या. "ते परत लाव. आवाज बंद कर."

त्यांनी चपला काढल्या. शबनम माझ्याकडे दिली. पडद्याकडे तोंड करून, पाय थोडे फाकवून उभ्या राहिल्या आणि पोटात श्वास भरला. पडद्यावर मुकाट्याने शंख वाजले. फुगेंद्राने तोंड उघडलं.

"कुणी," ताई म्हणाल्या, "कुणी माझ्या नाश्त्याला हात लावला?"

आवाज तोच. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि तरी मला कळत नव्हतं तो कुठून येतोय. सबंध हॉल एकदम ताठ झाला. पुढच्या रांगेतलं एक पोर आईच्या मांडीवर चढलं. ताई सेनापती खेकड्याला झापत होत्या, तोंड आणि शब्द तंतोतंत जुळत होते, आणि मंडळाची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली होती. फुगेंद्र फुगायला लागला, दाराकडे निघाला, आणि लॅपटॉप अडकला.

चित्र थिजलं. फुगेंद्राचं तोंड अर्धवट उघडं. लॅपटॉपवाला मुलगा एकामागून एक बटणं दाबत सुटला.

ताई थांबल्या. वाट बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, झालं. चित्र नाही तर ह्या बोलणार कशा?

आता केदार. त्याचा प्रवेश तुकडा संपल्यावर होता. विंगेत पंख्याच्या घरघरीत त्याला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. पडद्यावरची हालचाल थांबलेली तेवढी त्याला दिसली आणि त्याला वाटलं, आपली वेळ झाली. तो निघाला. सुर्व्यांच्या हॉलमध्ये स्टेजवर यायला बाजूला एक दार आहे, नवरी त्यातून एकटी नीट येते. केदार त्यात अर्धा आला आणि अडकला.

त्याने जोर लावला. दोन काटे तुटून पडले. एक हात बाहेर, एक आत. दादासाहेब ओरडले, "अरे चौकट, चौकट जपा."

ताईंनी मान वळवून केदारकडे पाहिलं. त्यांना चित्र मिळालं.

"सुर्वे," त्या सम्राटाच्या आवाजात म्हणाल्या, "खाली बसा."

दादासाहेब बसले. मागे खुर्ची होती हे त्यांचं नशीब.

"सेनापती, मागून ढकलू नका. इतिहासात अशी घाई कुणी केली नाही. फौजेला सांगा, स्वारी आजच निघेल. थोडी उशिरा निघेल." केदारने पुन्हा धडपड केली, आणि ताईंनी त्याच्या त्या धडपडीच्या लयीत, अगदी सावकाश, पुढचं म्हटलं. "दार लहान आहे."

पुढचे दोन शब्द त्यांना म्हणावे लागले नाहीत. सगळ्या हॉलने म्हटले. कोळंबीच्या मिशांनीसुद्धा.

केदारला दारातून मोकळं करायला इम्रानने पंख्याची वायर ओढली. तो सुरकुतत सुरकुतत स्टेजवर येऊन पडला, ताईंनी त्याला हात देऊन उठवलं आणि आपल्या आवाजात विचारलं, "लागलं का रे?" पोरांना आता तोच आवाज जास्त आवडला. सह्या घ्यायला झुंबड उडाली. दादासाहेब पुढे कित्येक दिवस लोकांना सांगत होते की मला बाईंनी स्वतः खाली बसवलं. केदारच्या बहिणीचं लग्न त्याच हॉलमध्ये झालं. फक्त नवरी यायच्या आधी दादासाहेबांनी त्या दाराची चौकट हाताने चाचपून पाहिली. नौशादला फोन लागला तेव्हा त्याला आमच्या घाबरण्याचं काही कळेचना. "मी सांगितलं होतं की," तो म्हणाला. त्या मोठ्या नटांना अखेरपर्यंत वेळ झालाच नव्हता, आणि ताईंचं वाचन होतं तसंच ठेवलं होतं. ताईंना कळवायचं मात्र सगळ्यांकडूनच राहून गेलं. 'डुबुक'चा दुसरा भाग आला त्यात आवाजांची नावं होती. पहिलं नाव त्यांचं.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी दुपारची होती. सकाळी चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे तो सिनेमा आहे का? मला बघायचाय."

आम्ही चौघं आमच्या बाहेरच्या खोलीत बसलो. ताई सतरंजीवर, भिंतीला टेकून. जेलीफिश आली तेव्हा त्यांनी साधं हूं केलं. फुगेंद्र आला की मात्र त्या पुढे सरकायच्या, त्यांचे ओठ हलायचे. चिंगूबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून वाईट होतं. "नुसता उड्या मारतो," त्या म्हणाल्या. "ह्याला स्वतःचं काही म्हणणंच नाही."

शेवटी चिंगू फुगेंद्राला हरवतो. फुगेंद्राची सगळी हवा निघून जाते, तो अगदी बोटाएवढा होतो, मुकुट त्याच्या अंगावरून घसरून वाळूत पडतो. मग तो काही बोलत नाही. फक्त एक लांब उसासा टाकतो आणि पाण्याबरोबर वाहत जातो. त्या उसाशावर आमच्या मंडळात रात्रंदिवस वाद चालायचे. इम्रान म्हणायचा तो पश्चात्ताप आहे. मी म्हणायचे ती सुटका आहे. केदार त्यावर काहीच म्हणायचा नाही, कारण त्या जागी त्याला दर वेळी रडू यायचं.

त्या दिवशीही आलं. डोळे पुसत तो म्हणाला, "ताई, हा उसासा तुम्ही कसा केलात?"

ताई पडद्याकडेच बघत होत्या. "तो मी केलेला नाही."

"म्हणजे?"

"ते कागदावर नव्हतं. सगळी वाक्यं संपली होती. दिग्दर्शक आतून म्हणाला, ठीक आहे ताई, झालं तुमचं, आता त्यांच्या आवाजात करून घेऊ. मी कानावरचा हेडफोन काढून ठेवत होते, तेव्हा तो उसासा सुटला. माइक चालू राहिला असणार."

बाहेर आई कोणाशी तरी मासळीच्या भावावरून बोलत होती.

"म्हणजे तुम्हाला वाईट वाटलं होतं," केदार म्हणाला. "हे सगळं आता पुसलं जाणार म्हणून."

"छे रे," ताई म्हणाल्या. "भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. म्हटलं, आता खाली जाऊन गरम वडा खाईन."

केदारने मान हलवली. त्याचा विश्वास बसला नव्हता, माझाही नाही. ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"तेवढं परत लाव बघू," त्या म्हणाल्या.